तथास्तु, ओव्हर

आई म्हणायची, तिन्हीसांजेला वावगं बोलू नये,
वास्तुपुरुष आढ्याला बसून असतो,
जे कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो.

सोहारच्या कॅम्पात, खोली एकशे सतरात, आढं नाही.
वर पत्रा, एसीचं गळकं नळकांडं
आणि दुमजली खाटांवर आम्ही सहा जण.
इथल्या वास्तुपुरुषाचा व्हिसा कुठल्या कंपनीचा,
त्याला मराठी येतं का, कुणाला विचारणार?
तरी अकरा वर्षं मी त्याला एकच वाक्य ऐकवलं:
आपल्याला नाही जमायचं.
तेवढं त्याला बरोबर कळलं.

मी रिगर. क्रेनखाली उभा राहून हात करणारा.
तर्जनी वर धरून गोल फिरवली की हूक वर,
तर्जनी खाली की हूक खाली,
तळवा आडवा फिरवला की सगळं जग थांब.
वरच्या केबिनमधला माणूस माझ्या बोटाने चालतो
आणि पगार माझ्या दुप्पट घेतो.

ऑपरेटरच्या परीक्षेत दोनदा नापास.
पहिल्यांदा लोड चार्टवरचे आकडे मुंग्यांसारखे पांगले.
दुसऱ्यांदा लोड झुलला, पिंपाला घासला,
एवढासाच.
परीक्षक हमूदने पेन खिशात ठेवलं. खलास.
पिंप अजून वाजतं, झोपेत.

वरच्या खाटेवरचा शाजी म्हणाला, आरशात बघून रोज बोल,
एकवीस वेळा: मी उत्तम ऑपरेटर आहे.
पहाटे चार वाजता, सामायिक बेसिनपाशी,
तोंडात टूथपेस्टचा फेस, मागे दाढीवाल्यांची रांग,
बोललो.
शब्द दुसऱ्याच्या सदऱ्यासारखे, काखेत काचणारे.
शुभ बोल रे नाऱ्या, असं स्वतःलाच म्हटलं
आणि नाऱ्यालाच हसू फुटलं.
सातव्या वेळेला मागून आवाज आला, भाई, नळ सोड.

मग जून लागला. दुपारी सक्तीची सुट्टी,
कंटेनरच्या सावलीत माणसं ओल्या फडक्यासारखी पडलेली.
सिमेंटच्या पिशवीचा कागद फाडून लिहायला घेतलं,
खोटं नको, म्हणून फक्त घडलेलं:
मंगळवारी, वाऱ्यात, साडेसहा टनांचा पाइप माझ्या बोटावर उतरला.
टेकबहादूरचा पाय वाचला, माझा तळवा वेळेत फिरला.
लोड चार्टच्या तीन ओळी पाठ. चौथी नाही.
दुसऱ्या दिवशी खाली लिहिलं, चौथीपण.
घामाने शाई फुटली, वाक्यं राहिली.
ती म्हणायला आरसा लागला नाही.
बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, नमकीन ताकाचा घोट घेताना
आपोआप ओठांवर यायची,
मापाचा सदरा अंगात असतो तेव्हा
सदरा आहे हेही आठवत नाही, तशी.

आज तिसरी खेप.
शिडी चढलो. मधल्या फळीवर थांबलो, खोटं कशाला बोलू,
गुडघे लटपटत होते, लटपटू दिले.
वरून एका बाजूला हजरचे करडे डोंगर,
दुसरीकडे समुद्रावर तेलकट ऊन,
आणि खूप खाली, अंगठ्याएवढा टेकबहादूर,
माझीच खूण मला करत.
हूक ताणला. लोड जमिनीपासून वीतभर सुटला.
झुलला. मी थांबलो. तो थांबला.

जमतंय, असं पुटपुटलो, माझ्यापुरतं.
रेडिओचं बटण दाबलेलं होतं.

क्षणभर खरखर.
मग खालून, मराठीचं अक्षर न कळणारं कुणीतरी
शांतपणे म्हणालं:
कॉपी.