बदली

गुरुवारी दुपारी लिपिडची ओपीडी.
परळ, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
धाकू मुणगेकर धापा टाकत आले
आणि रिपोर्ट असा ठेवला टेबलावर
जशी भाड्याची पावती ठेवावी:
भरलंय सगळं, आता काय ते बोला.

एलडीएल एकशे अठ्ठ्याऐंशी.

मी नेहमीचं सुरू केलं.
काका, झाडापाल्यातही एक द्रव्य असतं,
तिळात, शेंगदाण्यात, तांदळाच्या कोंड्याच्या तेलात.
चेहरामोहरा थेट कोलेस्टेरॉलचा.
आतड्याच्या दाराशी दोघांची झुंबड,
आत घ्यायच्या जागा मोजक्या,
हे पुढे घुसतं, ते बाहेर राहतं.

आठ वर्षं हेच सांगते आहे.
पाठकोऱ्या कागदावर तीन षटकोन काढते,
एक पंचकोन, मागे शेपूट.
म्हणते, फरक फक्त शेपटीत.
माणसं मान डोलावतात
आणि विचारतात, अंडं चालेल का.

मुणगेकर कागदाकडे बघत राहिले.
म्हणाले, "म्हणजे बदली."

मला कळेना.
मग त्यांनीच माझा कागद ओढून घेतला,
पंचकोनाच्या बाजूला गेट काढलं.
भोंग्याच्या आधी इथे उभं राहायचं,
खिशात बदली कार्ड, डब्यात भाकरी,
भाकरी खायला मिळेल की तशीच घरी जाईल
ते जॉबरच्या बोटावर: तू, तू, तो मागचा.
कायमवाला आला नाही की त्याच्या साच्यावर आपण,
त्याच्या पिंकांनी रंगलेल्या कोपऱ्यात.
"अकरा वर्षं, बाई.
पाठमोरा बघाल तर मास्तरलाही कळायचं नाही
हा तो नव्हे."

मग शेपटीवर बोट ठेवून:
"आत गेल्यावर ह्याला काय मिळतं?"

काही नाही, मी म्हणाले.
शरीर शेवटी ओळखतंच.
चिमूटभर आत घेतं, त्यातलंही परत ढकलतं,
बाकीचं सकाळी मोरीपलीकडे.
बोलून गेले आणि जीभ चावली.

ते इतके हसले की कवळी सावरावी लागली.
"हजेरी आहे, पगार नाही!"

बाहेर पुढचा नंबर दार वाजवत होता.
मी हिशेबावर आले.
दिवसाला दोन ग्रॅम पोटात गेलं
तर दहा टक्के उतरतं, कमीजास्त.
आपल्या जेवणातून त्याचा आठवा-दहावा हिस्सा मिळतो.
दोन ग्रॅमवाला डबा येतो परदेशी,
लोण्यासारखा, पावाला लावायचा,
वांद्र्याला एका दुकानात.
किंमत मी सांगितली नाही.
त्यांनी विचारली.
मी सांगितली.
"राहू दे त्याला वांद्र्यालाच."

तेव्हा लिहिलं:
तिळाची चटणी दोन चमचे,
मूठभर शेंगदाणे, खारे नकोत,
हरभरे सालासकट,
सुरमई चालेल, तळून नाही
(इथे त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं),
आणि डॉक्टरांची गोळी चालूच.
खाली दोनदा रेघ.

"ही गोळी किती दिवस?"
"कायम."
"कायम?" कागदाची घडी घालताना म्हणाले,
"चला, कोणीतरी झालं."

तीन महिन्यांनी एकशे एकोणतीस.
मी खरं तेच बोलले, काका, मोठं काम गोळीचं,
तिळाचा वाटा थोडासाच.
"असणारच. कायमवाला तो.
पण खाडे करतो ना मधेमधे."
गोळी चुकते?
"चुकत नाही. रविवारी मीच देतो सुट्टी."

आणि मग रविवारी गेटवर कोण, काका?

पिशवीतून कागदाची पुडी निघाली.
तीळ, जरा जास्तच भाजलेले,
बायको गेल्यापासून स्वतः भाजतात.
टेबलावर सांडलेले चार
त्यांनी बोट ओलं करून उचलले.

मी जुना कागद मागून घेतला
आणि तिसरी रेघ मारली.