खिळ्यावरचं पान

एकोणतीस ऑगस्टला काय झालं, असं विचारलं
की कुलपाश आधी काकड्यांचंच सांगायची.
शेपू, जाडं मीठ, लसणाच्या दोन कुड्या.
पोस्टातल्या रोज फाडायच्या कॅलेंडरवर
त्या तारखेच्या पाठीला लोणच्याची कृती होती
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, दिनविशेष:
शंभरावर वर्षांपूर्वी कुणाला तरी
तांब्याच्या वेटोळ्यात वीज सापडली.
एवढंच.
एकोणीसशे एकोणपन्नास, काळ्या शाईतला साधा सोमवार.

तिचा भाऊ तोलेगेन मेंढ्यांमागे होता.
म्हणाला, सूर्य उगवलेलाच होता,
मग दुसरा उगवला, चुकीच्या बाजूला.
मेंढ्यांच्या सावल्या उलट्या पडल्या.
जमिनीनं कूस बदलली.
फळीवरचे कप एकमेकांना विचारू लागले
आणि रानदवण्याचा वास माळावरून
कुणी पुसून नेल्यासारखा गेला.
आम्हाला कुणी काही सांगितलं नाही.
विचारायचं कुणाला, तेही नाही.

दुसऱ्या दिवशी तोलेगेननं ते पान मागून घेतलं,
त्यात तंबाखू वळली,
आणि ती तारीख ओढून टाकली.

पुढं गाव शिकलं. शिपाई आले
की घराबाहेर यायचं, खड्ड्यात पालथं पडायचं,
पोरांच्या डोळ्यांवर हात ठेवायचा.
स्फोट इतके झाले की सगळ्यांच्या तारखा कोण ठेवणार!
कुलपाशनं एकच ठेवली.
दर वर्षी अठ्ठावीसच्या संध्याकाळी
ती दोन पानं एकदम फाडायची.
एकोणतीसला टाकलेल्या पत्रांवर शिक्का तिसाचा.
सेमेयहून साहेब आला, दंड केला.
तिनं भरला.
पुढच्या वर्षी तो पुन्हा आला, तिनं पुन्हा भरला.

तोलेगेन सत्तेचाळिसाव्या वर्षी गेला.
हिरड्यांतून रक्त थांबेना.
दाखल्यावर लिहिलं: न्यूमोनिया.

आणि मग एक्क्याण्णव. गुरुवार.
रेडिओवरचा माणूस हवामान सांगावं तसं म्हणाला
की मैदान बंद झालं, कायमचं.
कुणी मेंढी कापली,
कुणी नुसताच घोडा पळवून आणला नदीपर्यंत.
कुलपाश टपाल लावत होती.
तिनं खिळ्याकडं पाहिलं: तीस.
मग कागदाची टोपली जमिनीवर उपडी केली,
गुडघ्यांवर बसली,
चुरगळलेली एकोणतीस शोधून काढली,
मांडीवर तळहातानं सपाट केली, खूप वेळ,
आणि परत खिळ्यावर खोचली.
दारातून कुणीतरी म्हणालं, तारीख तीच ना गं?
ती म्हणाली, तीच.
दुसरी कुठून आणणार?

आता पोस्ट माझ्याकडं आहे.
पान तिथंच आहे, चहाच्या रंगाचं.
कॅलेंडरं बदलतात, मी ती शेजारच्या खिळ्याला लावते.
या पानाच्या पाठीला सफरचंदाच्या मुरंब्याची कृती आहे,
आणि साखर किती, नेमकं तिथंच
खिळ्याचं भोक पडलंय.

दर वर्षी अंदाजानं घालते.