खळगा

मुलीने उच्चार तीनदा दुरुस्त केला.
सिम्रिक नाही बाबा, किमरिक.
बरं, किमरिक.

टेंभी नाक्यामागे, तिसऱ्या मजल्यावर,
अनहिताबाईंच्या सतरंजीवर चार पिल्लं,
आणि भिंतीवर त्यांच्या आजीचा फोटो, बिल्ला लावलेला.
घाई नको, बाई म्हणाल्या,
चार महिन्यांच्या आत मी देतच नाही.
आधी चाल बघा.
मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम पडले, तर थांबा.
बसल्या जागी लादी ओली राहते का, बघा.
मग पाठीवरून बोट खाली न्या, हलकं,
कणा संपतो तिथपर्यंत.

माझं ते बोट म्हणजे एक पेर.
मधलं तर मुळातूनच नाही.
रबाळ्याच्या पॉवर प्रेसने नेलं, अठ्ठ्याण्णव साली,
जेवणाच्या भोंग्याला चार मिनिटं असताना.
भरपाईच्या तक्त्यात पेरापेराचे टक्के होते,
साहेब पट्टी धरून वाचत होता.

पहिल्याला शेंडीएवढं शेपूट निघालं.
दुसऱ्याला हाडाची गाठ, दाबली की कळवळलं.
तिसरं हातालाच लागेना, सोफ्याखाली पळालं.
चौथीला काही नाही.
काही नाही म्हणजे खळगा,
कणीक मळून झाली का बघायला
सुनंदा बोट दाबते, तेवढा.
माझं थोटं त्यात बसलं.
तिने मान वळवून बघितलं
आणि जांभई दिली.

रंग तर बघा, मुलगी म्हणाली.
रंग मी घरी येऊन बघितला. करडा आहे.

बरोबर एक कागद मिळाला, शिक्क्याचा.
आई, दोन्ही आज्या, चारही पणज्या, नावानिशी.
मी माझ्या आजोबांपर्यंत कसाबसा पोचतो,
तेही सातबाऱ्याला धरून.
आज्यांना तर सातबाराही नव्हता.

निघताना बाई म्हणाल्या,
दोन्हीकडून शेपूट नसण्याचाच वारसा आला
तर ते पिल्लू पोटातच विरतं,
म्हणून जोडीत एकाला तरी शेपूट लागतं.
हे मी रिक्षात सुनंदाला सांगितलं.
कळवा नाका येईपर्यंत ती गप्प.
मग म्हणाली, आपल्यात कुणाला?
मी तिच्याकडे बोट दाखवलं.
अर्धं.

आता कोपरखैरण्यात, सेक्टर बाराच्या गल्लीत,
येणारा-जाणारा खिडकीशी थांबतो.
कुणी कापलं हो?
दारात अडकलं का?
एकाला मी सांगितलं, हप्ते थकले म्हणून बँकेने नेलं.
मढवीकाकू म्हणतात, बरंच आहे,
भांडणात शेपूट घालायची सोयच नाही हिला.
आणि खरंच, गल्लीतले बोके
भिंतीवरून उतरायच्या आधी विचार करतात.

केस मात्र फार.
मांड्यांवर तर धोतराचा सोगा सोडावा तसे.
मे महिन्यात ती मोरीच्या फरशीवर पसरते,
आम्ही तिच्यावरून पाय टाकून आंघोळीला जातो.
दर पंधरवड्याला मागचे केस कातरायचे, नाहीतर मळ अडकतो.
डाळीत केस, चष्म्यावर केस,
सत्यनारायणाच्या प्रसादात एक केस,
भटजींनी तो बघितला आणि न बघितल्यासारखं केलं.

रात्री अजून माझ्या मधल्या बोटाला खाज सुटते.
जे नाही ते खाजवायचं कसं,
इतक्या वर्षांत जमलेलं नाही.
मला वाटलं होतं, हिला कळेल.
अंधारात तिच्या खळग्यावर हात ठेवून
विचारलंसुद्धा एकदा.
पण तिचं काही गेलेलंच नाही.
ती अशीच आली, पुरती,
फ्रिजवरून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या पोटावर,
तोल कशाने सावरते तिचं तिला ठाऊक.
माझं दुखणं माझ्याकडेच राहिलं.

संध्याकाळी जाड दातांची फणी घेऊन बसतो,
अंगठा, अनामिका, करंगळी, तिघांच्या बळावर.
ती पोट वर करते.
हात थांबला की चिडते,
शेपूट आपटता येत नाही म्हणून कान पाडते,
आणि थोट्याच्या पुढे, दोन इंच हवेत,
जिथे बोटाचं टोक असायला हवं
तिथे चावते.