मे महिन्यातलं बेट

अंबाझरीचं पाणी उतरलं की
मे महिन्यात मधोमध एक पाठ वर येते,
डुंबणाऱ्या म्हशीची येते तशी.
पंधरा पावलं लांब, सहा रुंद,
कडेला बेशरमाची झुडपं,
वर एक बगळा, सातबारा त्याच्याच नावावर असल्यासारखा.
नकाशात हे बेट नाही.
जुलैत तलावातही नसतं.

बाबांनी ते बंदर ठरवलं.

नाव त्यांनी गच्चीवर बांधली, दोन उन्हाळे.
प्लायवूड इतवारीतून, डांबर रस्त्याच्या कंत्राटदाराकडून,
शीड म्हणजे कुणाच्या तरी लग्नातलं मांडवाचं कापड,
पिवळं, एका कोपऱ्यात ‘शुभवि’ एवढंच उरलेलं.
जिना अरुंद निघाला.
चार शेजाऱ्यांनी दोरांवर खाली सोडली
आणि घाटेकाकू ओरडत राहिल्या,
माझ्या कुंड्या, अहो माझ्या कुंड्या.

बावीस वर्षं ते मालवाहू जहाजावर होते.
वर्षातून एकदा घरी यायचे,
साबण, नेलकटर, आणि एक बेट घेऊन.
नारळ पाण्यावर ओणवलेले.
झाडावर चढणारे खेकडे.
पाणी इतकं निवळ की
नांगराची सावली तळाला दिसायची.
आम्हाला ते पाठ होतं, पाढ्यांसारखं,
आणि पाढ्यांसारखंच आम्ही कधी विचारलं नाही
की सतरा नव्वे एकशे त्रेपन्नच का.

निघालो सकाळी सहाला.
आई, मी, प्रणित, पन्ह्याचा थर्मास, सांबारवड्या.
आईनं पदर डोक्यावरून घेतला, नाव घट्ट धरली,
आणि पूर्ण वेळ किनाऱ्यावरच्या स्कूटरकडे बघत राहिली,
कुलूप लावलं होतं का.
वारा होता तोवर बाबा वेगळेच होते.
"डावीकडे झुका," म्हणाले,
आणि आम्ही झुकलो,
घरात कधी एका आवाजात झुकलो नव्हतो.

बेटावर दौलत बावणे जाळं विणत बसले होते.
"काहून आले जी इकडं, एवढ्या उन्हाचं?"
बाबा म्हणाले, थांबा घेतला. पुढे जायचंय.
"पुढं कुठं? पुढं तं पंप हाऊस हाय."
मग नावेकडे पाहून, अगदी मायेनं,
"पानी कमरेएवढंच हाय बाप्पा.
चालत आले असते."

दहा वाजता वारा पडला.
शीड लग्न मोडल्यासारखं लोंबलं.
पारा त्रेचाळीस, चव्वेचाळीस,
दगडावर ठेवलेला डबा उचलवेना.
बगळाही उडून गेला सावलीला.
बेशरमाखाली पाचजण, गुडघ्याला गुडघा.
बावणेंनी विडी पेटवली, सांबारवडी खाल्ली,
"तिखट जमलं," म्हणाले.

प्रणितनं तेव्हा विचारलं,
त्या बेटावर उतरल्यावर
पहिलं काय केलंत, बाबा?

ते चप्पलचा चिखल काडीनं काढत होते.
काढत राहिले.
"उतरलो नाही," म्हणाले.
"पंप बिघडला होता. मी खाली, इंजिनात.
बाकीचे गेले, संध्याकाळी आले.
बुटांतली वाळू लोखंडी जिन्यावर सांडली सगळ्यांनी.
ती मी झाडली.
पांढरीच होती. खरंच."

आई काही बोलली नाही.
थर्मासच्या झाकणात उरलेलं पन्हं ओतून
त्यांच्यापुढे धरलं,
आणि ते घेईपर्यंत हात तसाच ठेवला.

चारला आम्ही पाण्यात उतरलो.
बावणे पुढे, दोर खांद्यावर,
मागून मी आणि प्रणित ढकलत,
आई एका हातानं साडी आणि एका हातानं डबा सांभाळत,
पहिल्यांदाच हसत,
"अगं बाई, पाय कुठं चालला माझा."
बाबा नावेत एकटेच, गुडघ्यामुळे,
पाठ ताठ, कप्तानासारखे नाही,
वरातीतल्या नवरदेवासारखे, अवघडलेले.

रात्री कूलरसमोर त्यांची वही उघडी होती.
तारीख. अक्षांश एकवीस, उत्तर.
वारा सकाळी बरा, नंतर नाही.
सगळे उतरले.

खाली, वेगळ्या शाईत:
एक चप्पल चिखलात राहिली. डावी.