बाविसावं मिनिट

शिट्टी मारली
आणि अर्धं मैदान माझ्या अंगावर.
"काऊन थांबवलं जी? आत्ताच तं लय लागली होती!"

लागली होती, खरंच.
खुशाल पेंदोर डाव्या बगलेनं तिघांना मागं टाकून गेला,
बॉल रेषेबाहेर, थ्रो त्यांचाच.
तेवढ्यात मी म्हटलं : पाणी.

मंडपात कूलरसमोर चर्चा :
टीव्हीवर पाणी म्हणजे जाहिरात.
आम्ही खिशात कांदा टाकून खेळायचो, मेलो का?
आन् हरणारी टीम तेवढ्यात शहाणी होते ना राजेहो!
हेही खरं.

मी नियम दाखवला नाही.
इथं नियम म्हणजे
बक्षिसाचा बोकड आणि माझं घड्याळ.

रांजणाभोवती पोरं.
रमजाननं मग्गा डोक्यावरच ओतला.
खुशाल आला नाही, रेषेवरच उभा,
बॉल काखेत,
कानशिलावर मिठाची पांढरी रेघ.

मीही पडलो होतो, एकोणिसाव्या वर्षी,
वरोऱ्याला, मे महिन्यात.
बैलगाडीत डोळे उघडले, स्कोअर विचारला.
कोणी सांगितला नाही.
अजून नाही.

पाण्यानंतर चौथ्या मिनिटाला
वणीवाल्यांनी गोल ठोकला.
बोकड टेम्पोत चढवून घेऊन गेले.

दिवे लागले. मी नेटच्या गाठी सोडत होतो.
रांजणात मग्गा बुडाल्याचा आवाज,
मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा.
"गुरुजी," खुशाल म्हणाला, तोंड पुसत,
"थ्रो आमचा होता."

होता.