आवाज आला की बटण दाबा

नॉरिचच्या इस्पितळात, तळमजल्यावर, माझी आवाजबंद खोली.
भिंतींना राखाडी स्पंज. दार लोटलं की
आपणच गिळलेला आवंढा आपल्याला ऐकू येतो.

डेझमंड थर्टल, वय एकोणसाठ, डुकरं पाळतो
डिसच्या पुढे, उघड्या रानात, पत्र्याच्या अर्धगोल खोपट्यांत.
त्याला मी कागदावर लिहून दाखवते:
आवाज आला की बटण दाबा.
तो मान हलवतो. अंगठ्यावर पांढरा वण,
तांदळाच्या दाण्याएवढा.

तेवढीच वाट पुरली.
मेलेलं पिल्लू उचलताना पत्र्याची कड लागली,
बोट नळाखाली धरलं, चिंधी गुंडाळली, चहा प्यायला.
तिसऱ्या दिवशी मान लाकूड
आणि खिडकीतला उजेड डोळ्यांत सुयांसारखा.
कण्यातून पाणी काढलं, ते गढूळ.
लॅबमधल्या ओवेननं मला भिंगाखाली दाखवलं होतं:
जांभळे ठिपके, जोडीजोडीनं, कुठे आखूड माळ,
ओवायला घेऊन कुणी मधेच उठून गेल्यासारखी.

पेनिसिलिननं माणूस वाचला. कान नाही.

मी अडीचशेपासून चढत जाते.
प्रत्येक आकड्याला माझ्याजवळ आपला एक शब्द आहे,
इथे कुणाला न सांगितलेला:
अडीचशेला घुमघुम, हजारला बडबड,
दोन हजारला किणकिण, चार हजारला सळसळ,
आठ हजारला रातकिड्यांची किरकिर.
काचेपलीकडे तो. बटणावर तोच अंगठा.
घुमघुम गेली. बडबड गेली. सळसळ गेली.
एकदाच अंगठा हलला,
तेव्हा मी काहीच वाजवलं नव्हतं.

आलेखाच्या तळाशी फुल्या, गाळ बसावा तशा.

"डुकरिणीचा काय दोष," तो म्हणतो, नको तितक्या मोठ्यानं,
"तिच्या घशात ते असतंच. तिला काही होत नाही."

रात्री तो भिंत धरून चालतो, बोटीवर असल्यासारखा.
सकाळी मात्र कुंपणाशी जाऊन हाक मारतो,
तीस वर्षांची तीच हाक,
छातीवर तळवा ठेवून,
काही थरथरलं की निघाली असं धरून.

जाताना त्याची बायको ग्लेनिस दारात थांबते,
मला हळूच सांगते
(हळू कशाला, कोण जाणे):
हाक आता भलतीच निघते.
तरी येतात, म्हणते,
पत्र्याखालून एकेक चिखलाचं नाक.