हे आणि ते

रुवीच्या मॉलमध्ये कंपनीचा पोरगा
अगदी गोड बोलला:
"मॅडम, ह्या मॉडेलचे अपडेट संपले. नवीन घ्या."
जणू दूध नासलंय,
आणि पिशवीवर तारीख छापलेली होतीच की.

मी हुंगून पाहिलं. नासल्याचा वास येईना.
कोपऱ्याला पोचा आलेला, बाकी धडधाकट.
डॉक्टर इद्रिस कायमचे परत गेले
तेव्हा "एक्स-रेवालीला राहू दे" म्हणून
माझ्या टेबलावर ठेवून गेलेले.

शुक्रवारी, नमाजानंतर,
वादी कबीरच्या गल्लीत हमीद मुकादमनं
(मूळचा श्रीवर्धनचा, इथं मोबाइल दुरुस्त करतो)
यंत्र पालथं घातलं.
"बाय, स्क्रू बघ. पाच पाकळ्यांचे.
कुणाच्या घरात असतो असला पाना?
उघडू नये म्हणून फूल काढलंय."

त्याच्याकडे होता.
चष्म्याच्या डबीत, कापसात, नथ ठेवावी तसा.

पेन ड्राइव्हवर मी लिनक्स आणलं होतं.
फुकट मिळतं म्हणून नाही,
हे हमीदला दोनदा सांगितलं,
तिसऱ्यांदा स्वतःला.
चालू करताना एक कळ दाबून धरायची असते.
श्वास रोखा, हलू नका, रोखा, रोखा:
दिवसभर चार भाषांत मी हेच म्हणते लोकांना.
आता माझाच रोखलेला.

काळा पडदा.
पुन्हा काळा पडदा.
मग पांढरी अक्षरं धो धो,
आणि एक प्रश्न: जुनं सगळं पुसलं जाईल, चालेल?
डॉक्टरांच्या लेकीचा एक फोटो बाजूला काढला,
दात पडलेली, हसणारी.
मग "हो" दाबलं.

आवाज गेला. कॅमेरा आंधळा.
वायफायची चिप कंपनीच्या घरची,
परक्याशी बोलेना.
पंखा मात्र कारण नसताना भरधाव,
अचानक पाहुणे आल्यावर
घरातली बाई फिरते तसा.
हमीदनं खोक्यात हात घालून
नखाएवढा डोंगल काढला.
"हा घे. ह्याला मालक माहीत नाही,
कुणाशीपण बोलतो."

माझ्या पाकिटातल्या रहिवासी कार्डावरही
एक तारीख आहे.
तिचं आणि ह्या यंत्राचं काहीतरी जुळवणार होते मी,
पण तो सोल्डरिंगचा धूर फुंकत म्हणाला,
"चहा सांगू? करक?"
आणि ते राहिलंच.

कळांवर इंग्रजी, इंग्रजीच्या बगलेत अरबी.
देवनागरीला जागाच नाही.
मी सेटिंगमध्ये मराठी निवडलं
आणि हमीद लहानपणच्या उर्दूच्या जिवावर
एकेका कळीचं नाव वाचत गेला.
"अलिफ."
दाबलं. प.
"नून."
क.
"मीम."
त.
"ही दोन डोळ्यांची, हिचं नाव हे."
शिफ्टसकट दाबलं. घ.
"शेजारची ते."
र.

पडद्यावर: घर.

"हे?" मी विचारलं.
"हे."
"आणि ते?"
"ते."
दोघं बघत बसलो.
रस्त्यापलीकडचा तपकिरी डोंगर
एसीच्या पाण्याआडून थोडा हलला.
बारा वर्षं झाली मला, त्याला एकोणीस;
हे आणि ते लागोपाठ दाबायचं
आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं.

"तीन रियाल," हमीद म्हणाला. "डोंगलचा एक वेगळा."

रात्री खोलीवर पुन्हा चालू केलं.
लिनक्स जागं होण्याच्या आधी
कंपनीचा तो जुना सूर वाजला,
एकच, गोल, देवळाबाहेर ऐकू यावा तसा.
मग गप्प. मग माझी अक्षरं.
तो सूर बंद करायचीही युक्ती आहे म्हणे.
मी विचारली नाही.
मुक्या यंत्राला
तेवढाच एक आवाज उरलाय.